क्षुधानियामक हॉर्मोने, उंदरांतील

क्षुधानियामक हॉर्मोने, उंदरांतील : अन्न केव्हा घ्यावयाचे, किती घ्यावयाचे आणि केव्हा थांबावयाचे यांविषयीचे रासायनिक संदेश जठर, आतडे, अग्निपिंड व वसा ऊतक (चरबी साठविणाऱ्या कोशिकांचा समूह) यांपासून मेंदूकडे नेणाऱ्या हॉर्मोनांना (वाहिनीविहीन ग्रंथींच्या किंवा विखुरलेल्या कोशिकांच्या, रक्तात मिसळणाऱ्या स्रावांना) क्षुधानियामक हॉर्मोने म्हणतात. यांपैकी अनेकांच्या कार्याचा पहिला पुरावा उंदरांवरील प्रयोगांतून मिळालेला आहे. आहार बदलला किंवा प्राणी स्थूल झाला म्हणजे ही संदेशव्यवस्था कशी बिघडते, याचेही बरेचसे ज्ञान उंदरांपासूनच मिळाले.

या नोंदीत उंदीर म्हणजे प्रयोगशाळांत वाढविली जाणारी रॅटस नॉर्व्हेजिकस ही मोठ्या उंदराची जाती होय. विस्टार, स्प्राग-डॉली, लाँग-एव्हान्स, झकर इ. प्रकार तिच्यापासूनच निवड करून तयार झालेले आहेत. घराघरांत आढळणारी मस मस्क्युलस ही जाती निराळी असून तिचा उल्लेख येथे ‘लहान उंदीर’ असा केला आहे. मराठीत दोहोंना एकच शब्द असल्यामुळे सामान्य लेखनात एकीवरील निष्कर्ष दुसरीच्या नावावर खपून जातात; प्रत्यक्षात दोहोंतील फरक काही बाबतींत महत्त्वाचा आहे.

पूर्ण वाढ झालेला निरोगी उंदीर दिवसाकाठी सु. १५ ते २५ ग्रॅ. कोरडे खाद्य खातो. तो मुख्यतः रात्री आणि थोडे थोडे करून अनेक वेळा खातो. खाद्यात न पचणारा चोथा मिसळून त्याचे पोषणमूल्य उतरविले, तर उंदीर त्या प्रमाणात अधिक खातो आणि मिळणारी ऊर्जा जवळजवळ पूर्वीइतकीच राखतो, असे ई. एफ्. ॲडॉल्फ यांनी १९४७ मध्ये दाखविले. उपाशी ठेवून वजन घटविलेला उंदीर अन्न मिळू लागताच जास्त खाऊन पूर्वीच्या वजनावर येतो. नळीने बळेच खाऊ घालून वजन वाढविले असता, नळी बंद केल्यावर तो काही दिवस अगदी कमी खातो. यावरून पोटात किती गेले आणि अंगावर किती साठले, अशा दोन्ही गोष्टींची नोंद शरीरात कोठेतरी ठेवली जात असली पाहिजे, हे उघड होते. ही नोंद कोण ठेवतो व ती मेंदूला कशी कळते, हा या विषयातील मूळ प्रश्न होय.

इतिहास : भूक म्हणजे रिकाम्या जठराचे आकुंचन, अशी कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचलित होती. ए. डब्ल्यू. हेदरिंग्टन व एस. डब्ल्यू. रॅन्सन यांनी १९४० मध्ये उंदराच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमस या भागातील मध्याजवळचा खालचा भाग विद्युत् प्रवाहाने नष्ट केला, तेव्हा उंदीर अतिशय स्थूल झाले. त्यानंतर १९५१ मध्ये बाळकृष्ण आनंद व जॉन ब्रोबेक यांनी येल विद्यापीठात अधोथॅलॅमसाच्या बाहेरच्या बाजूचा भाग नष्ट केला असता उंदीर समोर अन्न असूनही खात नाहीत व उपासमारीने मरतात, असे दाखवून दिले. आनंद हे पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक होते. एक ‘तृप्ति-केंद्र’ व एक ‘क्षुधा-केंद्र’ ही या प्रयोगांतून निघालेली कल्पना पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ शिकविली गेली. आज ती फार ढोबळ मानली जाते, परंतु भुकेचा शोध जठराकडून मेंदूकडे वळविण्याचे श्रेय तिलाच दिले पाहिजे.

साठलेली चरबीच एखादा द्रव्यरूप संदेश मेंदूला पाठवीत असावी, असे जी. सी. केनेडी यांनी १९५३ मध्ये सुचविले. जी. आर. हर्व्ही यांनी १९५९ मध्ये त्याची कसोटी पाहिली. त्यांनी उंदरांच्या जोड्या शस्त्रक्रियेने एकमेकांस जोडून त्यांचे रक्त थोड्या प्रमाणात एकमेकांत मिसळेल अशी व्यवस्था केली आणि प्रत्येक जोडीतील एकाच उंदराचे ‘तृप्ति-केंद्र’ नष्ट केले. तो उंदीर खात सुटला व स्थूल झाला. त्याचा जोडीदार मात्र खाणे सोडून रोडावत गेला. स्थूल उंदराच्या रक्तातील ‘पुरे’ हा संदेश त्याच्या स्वतःच्या जखमी मेंदूला कळत नव्हता, पण जोडीदाराच्या शाबूत मेंदूला कळत होता, असाच याचा अर्थ लागतो. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत डग्लस कोलमन यांनी लहान उंदरांच्या दोन जन्मतः स्थूल वाणांवर अशाच जोडण्या केल्या व १९७३ पर्यंत असा निष्कर्ष काढला की, एका वाणात तो संदेश तयारच होत नाही आणि दुसऱ्यात तो तयार होतो पण ओळखला जात नाही. संदेश नेणारे द्रव्य हाती लागण्यास आणखी एकवीस वर्षे लागली. जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये त्याचा जीन (आनुवंशिक घटक) शोधला व या प्रथिनास ‘कृश’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून लेप्टीन हे नाव मिळाले.

प्रमुख हॉर्मोने : लेप्टीन हे १४६ ॲमिनो अम्लांचे प्रथिन मुख्यतः वसा ऊतकात तयार होते आणि रक्तातील त्याचे प्रमाण साठलेल्या चरबीच्या प्रमाणात वाढते. अधोथॅलॅमसातील कमानीच्या आकाराच्या एका केंद्रकात (तंत्रिका कोशिकांच्या पुंजात) त्याचे ग्राही (हॉर्मोनाला ओळखून बांधून घेणारे रेणू) आहेत. तेथे दोन विरोधी गट शेजारी शेजारी आढळतात. एक गट न्यूरोपेप्टाइड-वाय हे द्रव्य स्रवून खाण्यास उद्युक्त करतो. दुसरा गट मेलॅनोकॉर्टिने स्रवून खाणे आवरतो. लेप्टीन पहिल्यास दाबते व दुसऱ्यास उत्तेजित करते. न्यूरोपेप्टाइड-वाय उंदराच्या मेंदूत टोचले असता पोट भरलेला उंदीरही पुन्हा खाऊ लागतो, हे १९८४ मध्ये दिसून आले होते. अग्निपिंडात तयार होणारे इन्शुलीनही याच केंद्रकावर लेप्टिनासारखा, पण सौम्य परिणाम करते.

लेप्टिनाला ‘स्थूलता रोखणारे हॉर्मोन’ म्हणण्याची प्रथा पडली आहे, पण ती दिशाभूल करणारी आहे. उंदीर उपाशी राहिला म्हणजे एका दिवसाच्या आतच त्याच्या रक्तातील लेप्टीन झपाट्याने उतरते. चरबीचा साठा तितका कमी झालेला नसतानाही हे घडते. या उताराबरोबर भूक वाढते, अवटू ग्रंथीचे कार्य मंदावते, प्रजनन थांबते आणि ऊर्जेचा खर्च आटोपता घेतला जातो. उलट लेप्टीन वाढत गेले असता त्याचा परिणाम थोड्याच काळात बोथट होतो. म्हणजे ही यंत्रणा टंचाईची सूचना तत्परतेने देते व समृद्धीची सूचना कुरकुरत देते. रानात राहणाऱ्या व पुढचे खाद्य केव्हा मिळेल याची शाश्वती नसणाऱ्या प्राण्यात ती अशीच घडणे स्वाभाविक आहे.

ग्रेलीन हे २८ ॲमिनो अम्लांचे पेप्टाइड मासायासू कोजिमा व केन्जी कांगावा यांनी १९९९ मध्ये उंदराच्या जठरातूनच वेगळे केले. त्याच्या तिसऱ्या स्थानावरील सेरीन या ॲमिनो अम्लास एक वसाम्ल जोडलेले असते व त्यावाचून ते क्रियाशील होत नाही. अशी रचना पेप्टाइड हॉर्मोनांत विरळा आहे. पोष ग्रंथीतून वाढीचे हॉर्मोन सोडविणे हे त्याचे प्रथम लक्षात आलेले कार्य होते. उंदरास ते टोचले असता तो खाऊ लागतो व दिवसेंदिवस देत राहिल्यास चरबी साठते, असे पुढील वर्षी आढळले. रक्तातील ग्रेलीन उपवासात वाढते व खाल्ल्यावर उतरते. जठर नुसत्या पाण्याने फुगविल्यास मात्र ते उतरत नाही. त्यासाठी पोषक द्रव्ये आतड्यापर्यंत पोहोचावी लागतात. लेप्टीन वगैरे बहुतेक हॉर्मोने ‘पुरे’ म्हणतात. ‘आणखी’ म्हणणारे रक्तातील प्रमुख हॉर्मोन हेच.

आतड्यातील हॉर्मोनांचे काम एकेका भोजनापुरते असते. ग्रहणीमध्ये (लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात) वसा व प्रथिने आली म्हणजे कोलेसिस्टोकायनीन स्रवते. ते उंदरास दिल्यास चालू भोजन लवकर संपते, हे जेम्स गिब्ज, रॉबर्ट यंग व जेरार्ड स्मिथ यांनी १९७३ मध्ये दाखविले. हा संदेश मुख्यतः प्राणेशा तंत्रिकेच्या द्वारा मेंदूस जातो. मात्र प्रत्येक भोजन असे आखूड केले तर उंदीर भोजनांची संख्या वाढवून हिशेब पुरा करतो. जपानमध्ये तयार झालेल्या एका उंदरांच्या वाणात कोलेसिस्टोकायनिनाचा ग्राहीच नसतो. ते उंदीर प्रत्येक वेळी मोठे भोजन घेतात, स्थूल होतात व त्यांना मधुमेह जडतो. आतड्याच्या खालच्या भागातून स्रवणारी पेप्टाइड-वायवाय व ग्लुकागॉनसदृश पेप्टाइड-१ ही हॉर्मोनेही खाणे आवरतात. त्यांपैकी दुसरे रक्तात काही मिनिटांतच नष्ट होते. ते मेंदूत टोचले असता उंदराचे खाणे कमी होते, हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

आहाराचा परिणाम : प्रयोगशाळेतील नेहमीच्या खाद्यात एकूण ऊर्जेपैकी साधारणपणे दहा-बारा टक्के वाटा वसेचा असतो. स्थूलतेच्या प्रयोगांत तो ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत वाढवितात. असे खाद्य खाणाऱ्या उंदरांत दोन आठवड्यांच्या किंवा दोन महिन्यांच्या अखेरीस काय दिसते, याला जितके महत्त्व आहे तितकेच ते कोणत्या क्रमाने घडते यालाही आहे. स्वाभाविक अपेक्षा अशी की, आधी प्राणी स्थूल होईल, मग लेप्टीन वाढेल आणि शेवटी मेंदू त्याला दाद देईनासा होईल. प्रत्यक्षात क्रम पुष्कळदा उलटा आढळतो. उंदरांना केवळ तीन दिवस मनसोक्त चमचमीत खाऊ दिले असता लेप्टीन व इन्शुलीन या दोहोंना मिळणारा प्रतिसाद मंदावतो, असे न्यूयॉर्क येथे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. आहारातील ऊर्जेचा ६० टक्के वाटा फ्रुक्टोज या शर्करेचा ठेवून सहा महिने वाढविलेल्या उंदरांचे वजन इतरांहून वेगळे नव्हते, तरीही टोचलेल्या लेप्टिनाने त्यांचे खाणे कमी झाले नाही. पुढे त्यांना वसायुक्त आहार देताच ते इतरांहून अधिक स्थूल झाले (२००८). तराजूवर काहीच दिसत नसताना संदेशव्यवस्था बिघडलेली असू शकते, हा या प्रयोगाचा मुख्य बोध होय.

लेप्टिनाचा हा रोध (हॉर्मोन असूनही परिणाम न होणे) कसा उत्पन्न होतो, याची एकाहून अधिक कारणे दिसतात. रक्तातून मेंदूत लेप्टीन नेणारी व्यवस्था अपुरी पडते. आहाराने स्थूल झालेल्या लहान उंदरांना आरंभी लेप्टीन त्वचेखाली दिल्यास गुण येत नाही, पण मेंदूत दिल्यास येतो. मोठ्या उंदरांत मेंदूत दिलेल्या लेप्टिनाचा परिणामही मंदावलेला आढळतो. ग्राहीच्या आतील बाजूस संदेश पुढे नेणाऱ्या साखळीत अडथळा आणणारी प्रथिने वाढतात. याशिवाय वसायुक्त आहारामुळे अधोथॅलॅमसातच सौम्य शोथ (दाहयुक्त प्रतिक्रिया) निर्माण होतो, असे ब्राझीलमधील संशोधकांनी २००५ मध्ये उंदरांत दाखविले. अशा आहाराने कोलेसिस्टोकायनिनाविषयीची संवेदनशीलताही उतरते, त्यामुळे भोजन लांबते. ग्रेलिनाची गोष्ट थोडी निराळी आहे. वसायुक्त आहारावर असलेल्या व स्थूल झालेल्या उंदरांत ते वाढण्याऐवजी कमी आढळते. स्थूल प्राणी ‘भुकेच्या हॉर्मोनामुळे’ खातो, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. ‘पुरे’ हा संदेश ऐकू न आल्याने तो खात राहतो, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

ॲन्थनी स्क्लाफानी व डी. स्प्रिंगर यांनी १९७६ मध्ये उंदरांना बाजारातील मानवी खाद्ये दिली. त्यांत चॉकलेट, बिस्किटे, चीज, मसालेदार मांस, आटविलेले गोड दूध, केळी व शेंगदाण्याचे लोणी यांचा समावेश होता. उंदीर वेगाने स्थूल झाले. केळी व भुईमूग ही तर जळगाव जिल्ह्यातील परिचित पिके. जामनेर तालुक्यातील पहूरसारख्या गावी ज्वारीची भाकरी, डाळ व भाजी यांबरोबर ती खाल्ली जातात, तेव्हा त्यांची गणना पोषक अन्नात होते व ती योग्यच आहे. प्रयोगातील दोष त्या दोन जिनसांचा नव्हता. गोड, स्निग्ध व खारट अशा नाना चवींची खाद्ये एकाच वेळी, अमर्याद व श्रमावाचून समोर असणे, हे त्याचे कारण होते. एकाच चवीने उंदीर कंटाळतो. चव बदलली की पुन्हा खाऊ लागतो. तळलेली शेव, फरसाण, गोड चहा व बाटलीतील पेये यांची दुकाने खानदेशातील लहान गावांच्या बसथांब्यांपर्यंत पोहोचली आहेत, ही बाब या प्रयोगाच्या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे.

एकच आहार सर्व उंदरांना सारखा बाधत नाही. मध्यम प्रमाणात वसा व साखर असलेला आहार दिल्यास स्प्राग-डॉली उंदरांपैकी सु. निम्मेच स्थूल होतात. उरलेले काही दिवस जास्त खाऊन मग आपोआप आवरतात. बॅरी लेव्हिन यांनी या दोन गटांची निवडीने स्वतंत्र पैदास केली (१९९७). स्थूल होणाऱ्या वाणातील पिले अद्याप सडपातळ असतानाच लेप्टिनाला कमी दाद देतात, असे पुढे आढळले.

जन्मतः स्थूल वाण : झकर दांपत्याने १९६१ मध्ये वर्णन केलेल्या स्थूल उंदरांत लेप्टिनाच्या ग्राहीचा जीन सदोष असतो. या उंदरांच्या रक्तात लेप्टीन भरपूर असते, पण मेंदूपुरते ते नसल्यासारखेच असते. भारतातील असे वाण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९९० नंतरच्या दशकात सापडले. ही संस्था मूळची निलगिरीतील कुन्नूरची. तेथे १९१८ मध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरी या रोगाच्या चौकशीसाठी छोटी प्रयोगशाळा सुरू केली; १९५८ मध्ये ती हैदराबादेस हलविण्यात आली. मॅकॅरिसन यांनी भारतातील निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांना देऊन त्यांची वाढ मोजली होती. त्यांत शीख आहार पहिला, पठाणी दुसरा व मराठा आहार तिसरा आला, तर तांदूळप्रधान मद्रासी आहार शेवटचा ठरला. त्या काळी प्रश्न अपुऱ्या वाढीचा होता, म्हणून जड उंदीर तो चांगला उंदीर, असा हिशेब होता. त्याच संस्थेने १९२० पासून जतन केलेल्या विस्टार उंदरांच्या कळपात एन्. व्ही. गिरिधरन व सहकाऱ्यांना १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला स्थूल वाण मिळावा, हा योगायोग बोलका आहे. हे उंदीर अतोनात खातात, प्रजननक्षम नसतात आणि त्यांच्या रक्तातील लेप्टीन फार वाढलेले असते.

पुण्यातील प्रयोग : वर सांगितलेले बहुतेक प्रयोग ‘अतिरेक झाला तर काय’ हे विचारतात. महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जवळचा प्रश्न त्याच्या उलट आहे : पिढ्यान्पिढ्या कमी खाल्लेल्या शरीराला पुरेसे अन्न मिळू लागले तर काय होते ? पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये गरोदर स्त्रियांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २·७ किग्रॅ. होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३·५ किग्रॅ. ही बालके स्नायूंनी फारच लहान होती, पण त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. जन्मवजनाचा हिशेब धरल्यास त्यांच्या नाळेच्या रक्तातील लेप्टीन व इन्शुलीन लंडनमधील गौरवर्णीय बालकांहून अधिक होते. याज्ञिक यांनी अशा शरीरास ‘कृश-स्थूल’ म्हटले. हातपाय बारीक, पोटात चरबी आणि वजनाच्या काट्यावर निर्दोष अशा माणसास मधुमेह का होतो, याचे एक उत्तर त्यात आहे [⟶ मधुमेह].

माणसाच्या पिढ्या प्रयोगासाठी मोजता येत नाहीत, उंदरांच्या येतात. पुण्यातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र व डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय यांच्या सहकार्याने सिडनी विद्यापीठातील आनंदवर्धन हर्डीकर, याज्ञिक व इतर संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विस्टार उंदीर सलग ५० पिढ्या अल्पपोषित ठेवले होते. ही पिले कमी वजनाची जन्मत. तरीही त्यांच्या पोटातील चरबी, रक्तातील इन्शुलीन व लेप्टीन ही नेहमीच्या उंदरांहून अधिक, तर ॲडिपोनेक्टीन हे वसा ऊतकाचे हितकर हॉर्मोन, ब-१२ जीवनसत्त्व व फॉलिक अम्ल ही कमी आढळली. स्ट्रेप्टोझोटोसीन या अग्निपिंडास इजा करणाऱ्या द्रव्याने त्यांना मधुमेह होण्याची प्रवृत्ती आठपट होती. यानंतर दोन पिढ्या त्यांना नेहमीचे खाद्य हवे तितके देण्यात आले. बिघाड भरून निघाले नाहीत. इन्शुलिनाच्या एका जीनच्या नियंत्रक भागावरील रासायनिक खुणाही तशाच राहिल्या.

उपासमारीत लेप्टीन उतरते, हा नियम वर आला आहे. अल्पपोषित उंदरांत ते वाढलेले दिसावे, ही वरवर विसंगती वाटते. परंतु लेप्टीन हे त्या दिवशीच्या खाण्याइतकेच साठलेल्या चरबीचेही मोजमाप आहे आणि या उंदरांनी मिळालेल्या थोड्या अन्नातूनही पोटात साठा केलेला होता. या प्रयोगाचा भर इन्शुलिनावर होता. त्यावरून या उंदरांच्या भुकेविषयी फार अनुमाने काढणे योग्य नाही. भुकेचा पुरावा दुसरीकडून मिळतो. न्यूझीलंडमधील ऑक्लंड येथे एम्. एच्. व्हिकर्स व सहकाऱ्यांनी गाभण माद्यांना नेहमीच्या केवळ ३० टक्के अन्न दिले. त्यांची पिले पुढे भरपूर अन्न मिळत असता जास्त खाऊ लागली, स्थूल झाली व त्यांच्यातील लेप्टीन वाढले (२०००). त्याच गटाने २००५ मध्ये अशा मादी पिलांना जन्मानंतर तिसऱ्या ते तेराव्या दिवसापर्यंत लेप्टीन टोचले असता पुढील स्थूलता टळली, असे नोंदविले. जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अधोथॅलॅमसातील तंत्रिकातंतूंची जोडणी व्हावयाची असते व लेप्टीन तिला चालना देते, हे लहान उंदरांत आधीच दिसून आले होते. म्हणजे पुढे जे हॉर्मोन भुकेचे नियमन करणार, तेच आधी त्या नियमनाचे यंत्र बांधण्यास लागते. या काळात उलट चूकही घडू शकते. एका मादीजवळ दहा-बारांऐवजी तीन-चारच पिले ठेवली तर ती जास्त दूध पितात आणि मोठेपणीही अधिक वजनाची व अधिक लेप्टीन-इन्शुलीन असलेली राहतात.

उंदराची पिढी तीन-चार महिन्यांची असते. पन्नास पिढ्या म्हणजे प्रयोगशाळेतील सु. पंधरा वर्षे, पण मानवी पिढ्यांनी मोजल्यास बाराशेंहून अधिक वर्षे. खानदेशाने १८९९-१९०० चा दुष्काळ पाहिला, १९७२ ची अवर्षणाची झळ सोसली. तथापि बाराशे वर्षांची अखंड उपासमार कोणत्याही मानवी समाजाने सोसलेली नाही. म्हणून ‘दोन पिढ्यांनीही दोष जात नाही’ हा निष्कर्ष जसाच्या तसा माणसास लावता येणार नाही. परंतु आजी-आजोबा अर्धपोटी, आईवडील जेमतेम व मुले भरल्या ताटावर, अशी तीन पिढ्यांतील झपाट्याची स्थित्यंतरे जळगाव-धुळे जिल्ह्यांतील अनेक शेतमजूर कुटुंबांत घडली आहेत. गरोदर स्त्रीच्या आहाराचा विचार केवळ बालकाचे जन्मवजन वाढावे एवढ्यापुरता करून भागणार नाही, असे हे उंदीर सुचवितात. ब-१२ व फॉलिक अम्ल यांचा समतोल हा याज्ञिक यांच्या पुढील संशोधनाचा विषय त्यातूनच पुढे आला आहे.

वजन उतरविल्यानंतरची स्थिती : स्थूल उंदरांचे अन्न तोडून वजन कमी केले असता लेप्टीन व इन्शुलीन उतरतात, ग्रेलीन वाढते, खाण्याची ओढ तीव्र होते व ऊर्जेचा खर्च घटतो. अन्न पुन्हा मोकळे करताच वजन वेगाने भरून येते. पुष्कळ महिने कमी वजनावर ठेवूनही ही ओढ ओसरत नाही. नियमित व्यायाम करविलेल्या उंदरांत ती काहीशी कमी आढळते. आहारनियमनाने उतरलेले वजन माणसात का टिकत नाही, याचे खापर केवळ मनोनिग्रहाच्या अभावावर फोडणे यामुळे अवघड झाले आहे [⟶ स्थूलता].

उपचारांशी संबंध : लेप्टिनाचा शोध लागताच त्यापासून स्थूलतेवर औषध मिळेल, अशी मोठी आशा निर्माण झाली होती. ज्या थोड्या बालकांत लेप्टीन जन्मतःच तयार होत नाही, त्यांच्यावर त्याचा विलक्षण गुण येतो. चरबीचा साठाच नसणाऱ्या एका दुर्मिळ विकारावरही त्याच्या कृत्रिम रूपास मान्यता मिळालेली आहे. सामान्य स्थूल व्यक्तीत मात्र लेप्टीन आधीच विपुल असते. बाहेरून आणखी देऊन फारसा उपयोग होत नाही. आहाराने स्थूल झालेल्या उंदरांनी हे आधीच सांगितले होते. आतड्यातील ग्लुकागॉनसदृश पेप्टाइड-१ चा इतिहास याउलट आहे. मूळ पेप्टाइड रक्तात क्षणभंगुर असल्याने ते औषध म्हणून निरुपयोगी होते. त्याच्या रचनेत बदल करून दीर्घकाळ टिकणारी लिराग्लुटाइड व सेमाग्लुटाइड ही औषधे तयार झाली. त्यांनी स्थूल उंदरांचे खाणे व वजन उतरले आणि माणसातही तोच गुण दिसून आला. औषध थांबविल्यावर वजन पुन्हा वाढते, ही गोष्टही दोहोंत सारखीच आढळते.

उंदरावरून माणसाविषयी अनुमान करताना काही भेद ध्यानात ठेवावे लागतात. उंदीर निशाचर आहे. त्याचे एक दिवसाचे उपोषण माणसाच्या एका दिवसाच्या उपोषणाहून फार कडक असते, कारण त्याचा चयापचय (शरीरात सतत चालणाऱ्या रासायनिक घडामोडी) वेगवान असतो. प्रयोगशाळेतील उंदीर लहानशा पिंजऱ्यात, हालचालीवाचून व समोर अखंड अन्न असताना वाढतो. त्यामुळे तुलनेसाठी घेतलेला ‘निरोगी’ उंदीरही पुष्कळदा काहीसा स्थूलच असतो. बरेच प्रयोग केवळ नरांवर झालेले आहेत, तर लेप्टिनाचे प्रमाण व परिणाम नर-माद्यांत भिन्न असतात. शिवाय दोन प्रयोगांतील ‘वसायुक्त आहार’ हा एकच असतो असे नाही : एकात डुकराची चरबी, दुसऱ्यात वनस्पती तेल, तिसऱ्यात त्याबरोबर साखर असते. भुईमुगाच्या किंवा सरकीच्या तेलावर स्वयंपाक होणाऱ्या प्रदेशातील वाचकाने अशा निष्कर्षांतील टक्केवारी वाचण्यापूर्वी ती कोणत्या वसेची आहे, हे पाहणे आवश्यक आहे.